पोथीपासून संगणकापर्यंत

संगणक म्हणजे इंग्रजीचे राज्य, अशी समजूत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अद्याप आढळते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. महानुभावांनी पुष्कळ पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या. तीत एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर योजीत. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९१ च्या युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे २३२५ ही संख्या. तत्त्व तेच : अक्षराच्या जागी ठरलेला संकेत. फरक एवढाच, की पोथीची किल्ली गुप्त होती, ही सर्वांना खुली आहे. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतूनही शिकविण्यास मुभा आहे. तेव्हा या पोथ्यांची छायाचित्रे वर्गात मांडून संगणकाचा पहिला पाठ दोन्ही भाषांत द्यावा, असे आम्हांस वाटते.