तंत्रिका तंतूंतील विद्युत् संदेश : धातू व रसायनांचा परिणाम

विश्रांत तंत्रिका तंतूच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पटलातील सोडियम मार्ग उघडले की हा भार क्षणभर उलटतो आणि संदेश पुढे सरकतो. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या जाड तंतूवरून ही क्रिया गणिताने मांडली.

सूरजागड (ता. एटापल्ली, जि. गडचिरोली) परिसरात या मार्गांवरचा रासायनिक हल्ला घरोघरी टांगलेला असतो. हिवतापाच्या या पट्ट्यात वाटलेल्या मच्छरदाण्यांतील पायरेथ्रॉइड डासाचे सोडियम मार्ग मिटू देत नाही. एका संदेशाऐवजी संदेशांची माळच सुटते. डास थरथरतो, लुळा पडतो. जुन्या फवारणीतील डीडीटीचे कामही असेच. माणसाचे मार्ग पायरेथ्रॉइडला कमी दाद देतात, शिवाय यकृत त्याचे लवकर विघटन करते. सोडियम मार्गाच्या जनुकात बदल झालेले डास मात्र दाद देत नाहीत.

लिडोकेन याउलट मार्ग अडवते, म्हणून दात काढताना दुखत नाही. मण्यारीचे विष तंतूला सोडून त्याचे टोक निकामी करते. मग स्नायूंपर्यंत संदेश पोचत नाही आणि श्वास थांबू शकतो.

धातूंपैकी कॅडमियम, शिसे, मँगॅनीज यांचे आयन कॅल्शियम मार्ग रोखतात. लिथियम सोडियमच्याच वाटेने आत शिरते, पण सोडियम बाहेर टाकणारा पटलातील पंप त्याला नीट बाहेर काढत नाही. सूरजागडचे लोहखनिज, हेमॅटाइट, पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने या यादीत बसत नाही.