टी-शर्टवरचा माणूस

22 जुलै 2025 ला ऑझी ऑस्बर्न गेला. दुसऱ्या दिवशी पुण्यात मी ऑफिसला निघालो होतो, तर अमरावतीहून बाबांचा फोन. "अरे, तो तुह्या टी-शर्टवरचा मानूस गेला म्हनते."

राजापेठेतल्या आमच्या घरात बाबांनी या संगीताबद्दल आजवर एकच मत दिलं होतं: "कोनाले मारून रायले का तिथं? आवाज कमी कर." तेच बाबा आता मला धीर द्यायला फोन करत होते. मला काय बोलावं ते सुचेना. त्या आठवड्यात मी ब्लॅक सॅबथपासून सुरुवात केली आणि आत्ताच्या अल्बमांपर्यंत क्रमानं ऐकत आलो. त्यातून जो हिशोब लागला, तो इथे मांडतो.

माझ्यापर्यंत मेटल आलं ते 4 जीबीच्या मेमरी कार्डावर. साल 2011, मी आठवीत. पुण्यात शिकणाऱ्या मामेभावानं दिवाळीत ते कार्ड हातावर ठेवलं. फाइलींना नावं नव्हती. नुसतं 'ट्रॅक 01', 'ट्रॅक 02'. त्यामुळे पुढची दोन वर्षं माझ्यासाठी जगातलं सगळ्यात भारी गाणं 'ट्रॅक 07' होतं. ते 'आयर्न मॅन' आहे हे कळलं, तेव्हा ते 1970 सालचं आहे हेही कळलं. मी तोवर ते नवंकोरं समजत होतो.

हा आवाज इतका जड का, याच्या मुळाशी एक अपघात आहे. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या आणि गिटारला बारीक तारा लावल्या. पुढे तारा ढिल्या करून सूरही खाली आणला. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधल्या काही गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली आहे. तार ढिली असली की बोटाला त्रास कमी होतो आणि आवाज खोल, घोगरा निघतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वर्कअराउंड म्हणतो. इथे वर्कअराउंडचाच एक संगीतप्रकार झाला.

महाराष्ट्रात या आवाजाचं घर म्हणजे मुंबई. 1984 मध्ये तिथे 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. महेश तिनईकर गिटारवर, उदय बेनेगल गायला. आधी दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या या पोरांनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि 1993 मध्ये बँडचं नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. 1986 मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. तो बरीच वर्षं धोबीतलावजवळच्या रंगभवनात भरायचा. नंतर शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन गप्प झालं. 1 फेब्रुवारी 2008 ला आयर्न मेडननं आपला जगाचा दौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत आला होता. मी तेव्हा चौथीत होतो. मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या रेल्वेवर, पण ही मुंबई आम्हाला बर्मिंगहॅमइतकीच लांब होती. या सगळ्यांची गाणी इंग्रजीत होती. 'भयानक मौत' नावाचा मुंबईचा बँड ऐकायला घेतला, तर नाव तेवढं हिंदी आणि गाणी बहुतेक इंग्रजी.

आता अलीकडच्या अल्बमांकडे येऊ. ही मतं माझी आहेत, भांडायला हरकत नाही.

मेडनचा 'सेनजुत्सु' (2021) 80 मिनिटांच्या वर जातो. शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांहून मोठी. त्यातलं 'हेल ऑन अर्थ' एक एक मिनिट वसूल करतं. उरलेल्या दोघांना कोणीतरी कात्री लावायला हवी होती.

मेटॅलिकाच्या '72 सीझन्स'चं (2023) नाव आयुष्याच्या पहिल्या 18 वर्षांवरून आहे. वर्षाला चार ऋतू, म्हणून 72. वऱ्हाडात आपण तीनच मोजतो, म्हणजे आमचा अल्बम '54 सीझन्स' झाला असता, आणि निम्म्याहून जास्त उन्हाळाच असता. लहानपणीच्या जखमांवर साठीला टेकलेली माणसं गातात, हे मला आवडलं. पण पहिली चार गाणी झाली की पुढची त्यांचीच भावंडं वाटतात.

ज्युडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' (2024) मात्र मी अजून ऐकतोय. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा 72 वर्षांचा. गिटारवाल्या ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स. पूर्ण दौरा करणं त्याला जमत नाही, तरी गाणी रचण्यात त्याचा हात आहे. आयोमीच्या बोटांपासून सुरू झालेली गोष्ट इथवर पोचते असं मला वाटतं. तिघांत हाच सरस.

मग आपल्याकडचे. मुंबईच्या 'डिमॉनिक रेझरेक्शन'नं 2017 मध्ये 'दशावतार' काढला. दहा अवतार, दहा गाणी, जोडीला भारतीय वाद्यं. कल्पना जबरदस्त आहे आणि वादन त्याहून. पण बोल मुख्यतः इंग्रजीत. आजीकडून ऐकलेला नरसिंह मला तिथे परदेशातून परत आल्यासारखा भेटतो.

दिल्लीच्या 'ब्लडीवुड'नं हा अडसर काढला. गाजलेल्या गाण्यांची गंमत म्हणून मेटल रूपं करणारी ही मंडळी 2019 मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवून आली. 2022 मध्ये त्यांचा 'रक्षक' आला. ढोल आहे, हिंदी-पंजाबी आहे, मध्ये इंग्रजी रॅप आहे. पण ढोलासाठी मी तो ऐकत नाही. 'दाना दन' बायकांवरच्या अत्याचाराबद्दल बोलतं, 'जी वीरे' मनानं खचलेल्या माणसाशी बोलतं. 2025 चा 'नू दिल्ली' जास्त सफाईदार आहे, जपानच्या बेबीमेटलसोबतचं गाणंही झकास. तरी मी 'रक्षक'कडेच परत जातो. त्यात राग जास्त आणि इस्त्री कमी आहे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना 'जी वीरे' ऐकवलं. या वेळी त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं नाही. पूर्ण ऐकून विचारलं, "हे आपल्याइकडचे हायेत का?" म्हटलं, दिल्लीचे. "मंग आपल्या बोलीत काऊन नाही कोनी करत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तंत्राची अडचण आता उरलेली नाही. लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि शांत खोली असली की अल्बम होतो. मी इंजिनिअर झालो, गिटार कपाटात गेली, ही माझी सबब. पण बाबांनी पुढे एक गोष्ट काढली. आमचे आबाजी भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे, तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायचे. महाराज याच जिल्ह्यातल्या यावलीचे, आश्रम मोझरीला. साधी सोपी मराठी, साधी हिंदी, हातात एक खंजिरी. 1942 च्या चिमूर-आष्टीच्या उठावामागे या भजनांची प्रेरणा होती असं मानलं जातं, आणि इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगातही टाकलं. सरकारला धास्ती वाटावी असा आवाज, आणि अ‍ॅम्प्लिफायर एकही नाही.

माझा हिशोब तिथे पूर्ण झाला. सूर तीन घरं खाली नेला म्हणून गाणं जड होत नाही, आणि वर ढोल ठेवला म्हणून आपलं होत नाही. बर्मिंगहॅमच्या पोरांनी कारखान्याचा आवाज गाण्यात आणला. दिल्लीच्या पोरांनी दिल्लीचा राग आणला. आमच्याकडे कापसाचे भाव आहेत, कोरड्या विहिरी आहेत, कर्जापायी गेलेली माणसं आहेत, आणि पुण्याला निघून आलेली माझ्यासारखी पोरं आहेत. माझ्या प्लेलिस्टमध्ये वऱ्हाडीतला मेटल अल्बम एकही नाही.

परत येताना कपाटातली गिटार सोबत आणली. तारा गंजल्या होत्या. नव्या बसवल्या आणि सूर तीन घरं खाली लावला. आबाजींची खंजिरीही मागितली होती. बाबा म्हणाले, "पयले काही लिहून दाखव, मंग देतो."

सध्या दोन ओळी झाल्यात.