एकाच कढईतला क्रीमी चिकन पास्ता: घरी करताना घ्यायची काळजी

लातूर-पुण्याला शिकायला असलेली मुले सुट्टीत औशाला आली की घरी पास्त्याची फर्माईश होते. चिकन, पास्ता आणि दूध एकाच कढईत शिजते, भांडी कमी पडतात. मात्र दाट पांढऱ्या रश्श्यात चिकनचा तुकडा आतून शिजला की नाही, हे वरून कळत नाही. पोट बिघडण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. तेव्हा "डॉक्टर, चिकन खावं का?" असे अनेकांनी विचारले. पूर्ण शिजवलेले चिकन खाता येते. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस तापमान पोचले की हा विषाणू आणि साल्मोनेलासारखे जिवाणू मरतात. आजारी किंवा मेलेली कोंबडी मात्र कधीही वापरू नका.

साहित्य (४ जणांसाठी)

- बोनलेस चिकन ४०० ग्रॅम
- रव्याचा पास्ता २०० ग्रॅम
- कांदा १, लसूण ६ पाकळ्या, सिमला मिरची १, मटार अर्धी वाटी
- तेल २ चमचे, दूध १ कप, घोटलेली साय २ चमचे
- मिरपूड, मीठ पाऊण चमचा

कृती

१. चिकनचे दोन सेंटिमीटरचे सारखे तुकडे करा. मोठा तुकडा आत कच्चा राहतो.

२. तेलात कांदा-लसूण परतून चिकन टाका. सगळ्या बाजू पांढऱ्या होईपर्यंत ७-८ मिनिटे परता.

३. पास्ता, भाज्या, मीठ आणि अडीच कप गरम पाणी घाला. झाकण ठेवून १०-१२ मिनिटे उकळा, अधूनमधून हलवा.

४. सर्वांत जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसले किंवा लालसर पाणी सुटले तर आणखी शिजवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही.

५. दूध आणि साय शेवटी घालून मंद आचेवर ३-४ मिनिटे ठेवा. पास्त्याच्या पिठामुळे रस्सा आपोआप दाट होतो. चीज घालायचे असेल तर मीठ कमी करा.

कच्चे चिकन हाताळताना

नळाखाली चिकन धुतल्याने शिंतोडे उडून जिवाणू ओट्यावर, ताटावाटीवर पसरतात. हळद-मीठ लावून ते मरत नाहीत. त्यामुळे घरी धुणे टाळा. कोशिंबिरीसाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवा. हात साबणाने २० सेकंद धुवा.

उरलेला पास्ता

बाहेर राहिलेल्या पास्त्यात काही जिवाणू विष तयार करतात, आणि पुन्हा गरम केल्यावरही ते विष नष्ट होत नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर एका तासात, पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. चार तासांहून जास्त वेळ लाईट गेली असेल तर ते टाकून द्या. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा, तेही एकदाच.

कोणी विशेष लक्ष द्यावे?

- मधुमेह: वरच्या प्रमाणात एका माणसाच्या वाट्याला ५० ग्रॅम कोरडा पास्ता येतो. त्यातून साधारण दोन पोळ्यांइतके कर्बोदक मिळते. सोबत भाकरी किंवा भात घेऊ नका.
- रक्तदाब: मीठ आणि चीज मोजून वापरा.
- मूत्रपिंडाचा आजार: प्रथिने किती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा.
- दूध न पचणारे: दूध-साय वगळा, पास्त्याचे पाणीच पुरेसे दाट असते.
- गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध: ताजे आणि पूर्ण शिजलेलेच द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जुलाब-उलट्या सुरू झाल्यास पाकिटावरील सूचनेप्रमाणे ओआरएस तयार करून घोट-घोट पाजा. शौचातून रक्त, १०२ फॅरेनहाइटहून जास्त ताप, पाणीही न टिकणे, लघवी खूप कमी होणे किंवा मूल सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा. मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका.