परित्याग आणि हिंदु विवाहाचा कायदा

मराठींत ‘नांदणें’ आणि ‘टाकणें’ हे दोन शब्द परस्परांविरुद्ध उभे आहेत. सासरीं नांदते ती भाग्याची व नवऱ्यानें टाकलेली ती दुर्दैवी, एवढा निवाडा करून लोकव्यवहार मोकळा होई. टाकलेलीला विवाहबंधनांतून मोकळें करण्याचा प्रश्न मात्र तसाच राही.

जुन्या शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. परदेशीं गेलेल्या पतीची वाट पत्नीनें धर्मकार्य असल्यास आठ वर्षें, विद्या वा कीर्ति यांसाठीं सहा आणि विषयसुखासाठीं तो गेला असल्यास तीन वर्षें पहावी, असें मनूनें सांगितलें; त्यानंतर काय करावें, हें तेथें सांगितलेलें नाहीं. नारदानें पुनर्विवाहाची वाट मोकळी ठेविली. प्रत्यक्ष व्यवहारांत अनेक जातींत काडीमोड व पाट यांची रूढि होती. जेथें ती नव्हती, तेथील स्त्रीला नांवापुरतें कुंकू लावून माहेरीं दिवस कंठावे लागत.

मुंबई प्रांतांत ही कोंडी १९४७ च्या हिंदु घटस्फोटाच्या कायद्यानें फुटली. चार वर्षें परित्याग घडला असतां घटस्फोट मागतां येऊं लागला. पुढें संसदेनें १९५५ सालीं हिंदु विवाह कायदा केला व मुंबईचा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यांत दोन वर्षांच्या परित्यागानें घटस्फोट मिळत नसे. मिळे ती न्यायिक फारकत, म्हणजे न्यायालयाच्या हुकुमानें विभक्त राहण्याची मुभा. तीमुळें एकत्र राहण्याचें बंधन सुटे, परंतु विवाह कायम राही व कोणासहि पुन्हां लग्न करतां येत नसे. त्या हुकुमानंतर आणखी दोन वर्षें सहवास न झाल्यास घटस्फोटाचा अर्ज करावयाचा. समेटाला वाव राहिला खरा; पण काळ तोच चार वर्षांचा, आणि कज्जे मात्र दोन! हा भार निर्धन स्त्रीला पेलणें सोपें नव्हतें.

परित्याग म्हणजे केवळ घर सोडणें नव्हे. दोघें वेगळीं राहत असलीं पाहिजेत, सोडणाऱ्याच्या मनांत सहवास कायमचा संपविण्याचा हेतु पाहिजे. दुसऱ्याची त्यास संमति नसावी व त्यानें तसें करण्यास सबळ कारणहि दिलेलें नसावें. नोकरीसाठीं परगांवीं राहणारा पति तेवढ्यानें परित्यागी ठरत नाहीं. उलट, छळ करून पत्नीला बाहेर पडावयास लावणारा पति स्वतः उंबरठा न ओलांडतांहि परित्यागी ठरतो. मुंबईच्या कायद्याखालील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं हेंच तत्त्व विशद केलें. पत्नी घर सोडून माहेरीं गेली होती. पुढें ती परतण्यास तयार असतां पतीनेंच तिला घेण्याचें नाकारलें. सबब तिच्याकडून परित्याग सिद्ध होत नाहीं, असा निर्णय झाला.

अखेर १९७६ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांचा परित्याग हें घटस्फोटाचेंहि कारण झालें. न्यायिक फारकत आजहि मागतां येते. मात्र ती आतां सक्तीची पायरी राहिलेली नाहीं. ज्यांना विवाह मोडावयाचा नाहीं, पण एकत्र राहणेंहि अशक्य झालें आहे, त्यांच्यासाठीं ती आहे. घराबाहेर कोण पडलें यापेक्षां संसार कोणीं मोडला, हें न्यायासनानें पाहावें, हाच या साऱ्या कायद्याचा गाभा होय.