क्रूसेड व ‘धर्मयुद्ध’ : एका शब्दाचा विचार

दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा मार्कंडा क्षेत्रीं कांहीं अंतर उत्तरवाहिनी होते. हें क्षेत्र गडचिरोली जिल्ह्यांत, १९८२ पूर्वीं चांदा जिल्ह्यांत. महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते. यात्रेकरू स्नान करितो, देवदर्शन घेतो व पाप फिटलें या समाधानानें घरीं परततो. युरोपांतील ज्या प्रकरणास आमच्या शालेय पुस्तकांत ‘धर्मयुद्ध’ म्हणतात, त्याचें मूळ शोधूं जातां अशाच एका यात्रेकरूपाशीं येऊन पोंचावें लागतें.

प्रथम शब्दाविषयीं. संस्कृतांत धर्मयुद्ध म्हणजे नियमांस धरून केलेलें युद्ध. विषदिग्ध शस्त्र वापरूं नये, हात जोडून शरण आलेल्यास मारूं नये, इत्यादि नियम मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत आहेत. ‘धर्माकरितां युद्ध’ हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. उलटपक्षीं, १०९६ सालीं येरुशलेमकडे निघालेले वीर स्वतःस यात्रेकरूच म्हणवीत. क्रूसेड हा शब्द पुष्कळ नंतरचा.

येरुशलेमची ख्रिस्ती यात्रा चवथ्या शतकापासूनची. इ. स. ३३३ मध्यें बोर्दो येथून गेलेल्या एका यात्रेकरूनें वाटेवरील मुक्काम टिपून ठेविले आहेत. १००९ सालीं खलिफा अल्-हाकिमनें ख्रिस्तसमाधीवरील मंदिर पाडविलें, तरी युरोप शस्त्र घेऊन उठला नाहीं. बायझंटाइन बादशहांनीं तें पुन्हां बांधविलें व यात्रा चालूच राहिली. १०६४ सालीं बांबेर्गचा बिशप गुंथर याजबरोबर हजारों जर्मन यात्रेकरू निघाले. दुसरे वर्षीं गुड फ्रायडेच्या दिवशीं रामल्याजवळ लुटारूंनीं त्यांस गांठलें. तेव्हां यात्रेकरूनें शस्त्र धरावें कीं नाहीं, याविषयींच त्यांच्यांत दुमत झालें!

तें दुमत एका पिढींत कसें मिटलें, हा खरा प्रश्न. १०६६ त हेस्टिंग्जची लढाई जिंकणाऱ्या नॉर्मन शिपायांस त्यांच्याच बिशपांनीं ठार केलेल्या प्रत्येक माणसामागें एक वर्षाचें प्रायश्चित्त लाविलें. म्हणजे रणांतील वध हेंही पापच. १०९५ च्या मार्चांत बायझंटाइन बादशहा अलेक्सियस याचे वकील सेल्जुक तुर्कांविरुद्ध मदत मागण्यास आले. नोव्हेंबरांत क्लेर्माँच्या धर्मसभेंत पोप दुसरा अर्बन यानें येरुशलेमच्या सुटकेची हांक दिली. मान वा धन यांकरितां नव्हे, तर केवळ भक्तीनें जो जाईल, त्याचा तो प्रवास सर्व प्रायश्चित्तांच्या ऐवजीं धरला जाईल, असें त्या सभेनें ठरविलें. ज्या कृत्यास प्रायश्चित्त हवें होतें, तेंच येथें प्रायश्चित्ताचा भाग झालें. तीर्थयात्रा हें प्रायश्चित्त आमच्या धर्मशास्त्रासही मान्य आहे. परंतु त्याकरितां यात्रेकरूच्या हातीं खड्ग देणारा निबंधकार आमच्या वाचनांत नाहीं. नागा गोसाव्यांचें उदाहरण कोणी काढील. पण त्यांची शस्त्रें हा आखाड्यांचा व्यवहार, प्रायश्चित्त नव्हे.

१५ जुलै १०९९ रोजीं येरुशलेम पडलें. शहरांत भयंकर कत्तल झाली, आणि ती करणारे लोक आनंदाश्रु ढाळीत समाधीच्या दर्शनास गेले. यांत दंभ पाहणारे आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि म्हणूनच तो प्रकार अधिक भयंकर वाटतो. त्यानंतर बहुतेक वीर परत फिरले. पुढील वर्षीं येरुशलेम व आसपासच्या ठाण्यांच्या रक्षणास सुमारें ३०० घोडेस्वार व तितकेच पायदळ उरलें होतें, असें तत्कालीन इतिवृत्तकार फुल्शर लिहितो. राज्य कमावण्यास आलेली फौज जिंकलेला मुलूख असा टाकून जात नाहीं. हे लोक नवस फेडून घरीं चालले होते.