प्रोसेसरची अचूक ओळख

सोलापुरी चादर घेताना जाणकार ग्राहक वेष्टनावर विसंबत नाही. घडी उलगडून वीण पाहतो. संगणकाच्या प्रोसेसरबाबत मात्र बहुतेकांची भिस्त बाहेरच्या लेबलावर असते. विंडोज १० साठीचा नियमित सुरक्षा-आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि या माहितीला पैशाचे मोल आले. विंडोज ११ साठी मान्यताप्राप्त प्रोसेसरची यादी आहे. इंटेलच्या बाबतीत ती साधारणतः आठव्या पिढीपासून सुरू होते. सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाला किंवा यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीला कोणते संगणक ठेवावेत, कोणते बदलावेत हे ठरवायचे असेल, तर काही ओळींची स्क्रिप्ट पुरेशी ठरते.

प्रोसेसरचे नाव चिपमध्येच नोंदलेले असते. विंडोजमधील ‘डब्ल्यूएमआय’ ही यंत्रणा ते स्क्रिप्टला पुरवते. पूर्वी यासाठी व्हीबीस्क्रिप्ट वापरली जाई. ती भाषा टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केल्याने आता पॉवरशेल वापरणे श्रेयस्कर. लिनक्सवर हीच माहिती ‘एलएससीपीयू’ या आज्ञेने मिळते.

उत्तर मिळाले तरी ते नीट वाचावे लागते. इंटेलने २००२ मध्ये पेंटियम ४ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले. त्यात एकच कोअर दोन असल्याप्रमाणे दिसतो. म्हणून ‘कोअरची संख्या’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसरची संख्या’ वेगवेगळ्या नोंदवाव्यात. विंडोज सर्व्हर २००३ मूळ स्वरूपात हा फरक नीट सांगत नसे. ‘सध्याचा वेग’ वीजबचतीमुळे कमी दिसू शकतो, त्यावरून चिप हलकी ठरवू नये. ‘अ‍ॅड्रेस विड्थ’ ३२ आली, तर ती कार्यप्रणालीची मर्यादा असू शकते. प्रोसेसरची क्षमता ‘डेटा विड्थ’ सांगते. ‘प्रोसेसर आयडी’ हा अनुक्रमांक नव्हे. एकाच प्रकारच्या अनेक चिपांचा तो सारखाच असतो. साठा-नोंदीत त्यावरून यंत्रे वेगळी ओळखता येत नाहीत.

निर्णयासाठी पूर्ण नावच महत्त्वाचे. ‘आय ५-६५००’ हा सहाव्या पिढीचा, तर ‘आय ५-८५००’ आठव्या. लेबलावर दोन्हीकडे केवळ ‘आय ५’ एवढेच असू शकते. जुना संगणक विकत घेण्यापूर्वीही ही एक नोंद पाहिली, तर फसगत टळते.