ऑलिव्हर ट्विस्ट (१९२२)

चार्ल्स डिकन्सच्या, १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवरील अमेरिकन मूकपट. दिग्दर्शक फ्रँक लॉइड. निर्माता सॉल लेसर. वितरण फर्स्ट नॅशनल. आठ रिळे, उपलब्ध प्रतीची लांबी सुमारे सव्वा तास. भूमिका : जॅकी कूगन (ऑलिव्हर), लॉन चेनी (फेगिन), ग्लॅडिस ब्रॉकवेल (नॅन्सी), जॉर्ज सीगमन (बिल साइक्स), लायनेल बेलमोर (ब्राउनलो).

कथानक : मुख्यतः कादंबरीप्रमाणे.

अभिनय : ऑलिव्हरचे काम नटीने करण्याची रंगभूमीवरची रूढी पडद्यावरही चालत आली होती, १९१६च्या अमेरिकन मूकपटात मारी डोरो ऑलिव्हर झाली होती. येथे मात्र खरेच सात-आठ वर्षांचे मूल आहे. ‘द किड’मुळे (१९२१) कूगन घरोघरी पोहोचला होता आणि हा चित्रपट त्याच्याचसाठी काढला गेला. आज तो पाहिला जातो तो बहुधा चेनीसाठी. वाकलेली पाठ, विरळ दाढी आणि सतत चाळवणारे हात एवढ्यावर त्याने फेगिन उभा केला आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या क्वासिमोदोच्या भूमिकेपुढे ही रंगभूषा संयत वाटते. फेगिनच्या ज्यू चित्रणावरील आक्षेपांसाठी मूळ कादंबरीवरील नोंद पाहावी.

प्रतीचा इतिहास : चित्रपट अनेक वर्षे हरवलेला समजला जात होता. १९७३ साली युगोस्लाव्हियात एक प्रत मिळाली. तिच्यात चित्रे होती, पाट्या नव्हत्या. मूकपटात पाटी गेली की संवाद गेला, आणि कोणाचा कोणाशी काय संबंध हेही बरेचसे गेले. जुन्या चित्रपटांच्या प्रती विकणाऱ्या ब्लॅकहॉक फिल्म्सने पाट्या नव्याने घडवल्या. या कामी लेसर आणि कूगन या दोघांचीही मदत झाली. तेव्हा कूगन साठीच्या उंबरठ्यावर होता. आज फिरणाऱ्या प्रती याच दुरुस्तीवरून निघालेल्या आहेत. त्यामुळे त्यांतील शब्दांवरून १९२२च्या पाटीलेखनाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे. अभ्यासकांनी चित्रचौकटींवरच भिस्त ठेवावी.

कूगन : लहानपणीच्या कमाईसाठी त्याने १९३८ साली आई व सावत्र वडिलांवर दावा लावला. बालकलाकारांच्या मिळकतीचे रक्षण करणारा कॅलिफोर्नियाचा १९३९चा कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो.

लॉइड : जन्म ग्लासगो. या चित्रपटाआधी ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ (१९१७). पुढे दोन ऑस्कर.

इतर रूपांतरे : व्हायटाग्राफ (१९०९), टॉमस बेंटली, इंग्लंड (१९१२), हंगेरी (१९१९). बोलपटांत डेव्हिड लीनचा १९४८चा चित्रपट.